वेब प्रणालींतील बॅक बटण आणि अर्जांची दुबार नोंद : कारणे व उपाययोजना

सारांश

महाजालावरून अर्ज सादर करताना किंवा शुल्क भरताना एकच अर्ज दोनदा नोंदला जाणे ही वेब प्रणालींमध्ये वारंवार आढळणारी त्रुटी आहे. ब्राउझरचे बॅक बटण, रिफ्रेशची क्रिया, घाईने दोनदा दाबलेले सबमिट बटण आणि खंडित होणारे नेटवर्क ही तिची प्रमुख कारणे होत. प्रस्तुत लेखात या त्रुटीचे मूळ एचटीटीपी या संदेशवहन-नियमावलीच्या स्वरूपात कसे आहे हे स्पष्ट करून पोस्ट-रीडायरेक्ट-गेट पद्धती, एकवार वापराचे टोकन, डेटाबेसमधील अनन्यतेचा निर्बंध आणि शुल्कभरणा व्यवहारांची स्थिती-नोंद या उपायांचे विवेचन केले आहे. दुबार विनंती येणे टाळता येत नाही, परंतु ती निरुपद्रवी करता येते आणि ती जबाबदारी वापरकर्त्याची नसून प्रणालीची आहे, असा या लेखाचा निष्कर्ष आहे.

महत्त्वाचे शब्द : एचटीटीपी, बॅक बटण, दुबार नोंद, रीडायरेक्ट, टोकन, शुल्कभरणा.

१. प्रस्तावना

प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, आरक्षण, देयके यांसारखी कामे पूर्वी कार्यालयाच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहून करावी लागत. त्या व्यवहारात एक संरक्षण आपोआपच होते. लिपिक अर्ज घेई, नोंदवहीत क्रमांक टाकी, पैसे मोजून घेई आणि शिक्का मारलेली पावती हाती देई. तोच अर्जदार तोच अर्ज घेऊन पुन्हा आला, तर नोंदवही पाहून 'तुमचा अर्ज आलेला आहे' असे लिपिक सांगू शकत असे. वेब प्रणालीत लिपिकाची जागा आज्ञावलीने घेतली आहे. तथापि, नोंदवही उलटून पाहण्याची लिपिकाची सवय अनेक आज्ञावलींमध्ये उतरलेली नाही.

याचा परिणाम अनेकांच्या परिचयाचा आहे. शुल्क भरण्याच्या पानावर 'कृपया बॅक किंवा रिफ्रेश बटण दाबू नये' अशी सूचना झळकते. वापरकर्ता ती वाचतो आणि पडद्यावर काहीच हालचाल दिसली नाही की अस्वस्थ होतो. ग्रामीण भागात मोबाइलच्या क्षीण नेटवर्कवर परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला अंतिम मुदतीच्या दिवशी अशा पानासमोर बसावे लागले, तर बटण पुन्हा दाबावे की थांबावे हे ठरविण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नसते. पुन्हा दाबले तर शुल्क दोनदा जाण्याची भीती आणि न दाबले तर अर्जच न पोहोचण्याची भीती, अशा कात्रीत तो सापडतो. म्हणून हा विषय तांत्रिक असला तरी त्याची झळ सामान्य माणसाच्या खिशाला आणि काही वेळा त्याच्या शैक्षणिक वर्षाला बसते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) दुबार नोंदीच्या समस्येचे तांत्रिक मूळ स्पष्ट करणे.
२) दुबार विनंती निर्माण होण्याच्या विविध मार्गांचे वर्गीकरण करणे.
३) प्रचलित उपायांचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे.
४) महाविद्यालयीन व तत्सम संस्थांच्या वेब प्रणालींसाठी व्यवहार्य शिफारशी करणे.

विवेचनाच्या सोयीसाठी एका काल्पनिक महाविद्यालयाचा परीक्षा अर्ज हे उदाहरण सर्वत्र वापरले आहे. त्यात विद्यार्थी विषय निवडतो, अर्ज सादर करतो आणि १,२०० रुपये शुल्क भरतो, असे गृहीत धरले आहे.

३. समस्येचे मूळ : एचटीटीपीचे स्वरूप

टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत ज्या प्रस्तावातून वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली, त्याचा हेतू संशोधकांचे दस्तऐवज परस्परांना जोडणे हा होता. दस्तऐवज वाचताना मागील पानावर परत जाणे ही स्वाभाविक क्रिया आहे. ग्रंथाचे पान मागे उलटल्याने ग्रंथात काही बदल होत नाही. बॅक बटणामागील कल्पना हीच होती. पुढे याच माध्यमातून खरेदी, आरक्षण व शुल्कभरणा सुरू झाला, तेव्हा पान उलटणे आणि व्यवहार करणे या दोन भिन्न क्रिया एकाच खिडकीत एकत्र आल्या.

एचटीटीपीची १.० ही आवृत्ती मे १९९६ मध्ये आरएफसी १९४५ या दस्तऐवजाद्वारे नोंदविली गेली. १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९७ मध्ये आली व जून १९९९ मध्ये आरएफसी २६१६ द्वारे सुधारली गेली. जून २०२२ मधील आरएफसी ९११० मध्ये या नियमावलीचा अर्थविषयक भाग नव्याने संकलित केला आहे. या सर्व प्रवासात एक गुणधर्म कायम राहिला आहे, तो म्हणजे प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. आधी आलेली विनंती आणि आता आलेली विनंती यांचा संबंध सर्व्हर आपण होऊन जोडत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी कुकीची योजना केल्यानंतर विनंती कोणाची आहे हे ओळखणे शक्य झाले. परंतु ही विनंती नवी आहे की जुन्याच विनंतीची पुनरावृत्ती, हा प्रश्न कुकीने सुटत नाही.

नियमावलीने विनंत्यांचे प्रकार ठरवून दिले आहेत. 'गेट' ही विनंती केवळ माहिती मागण्यासाठी असते. तिने सर्व्हरवरील नोंदींत बदल होऊ नये अशी अपेक्षा आहे. 'पोस्ट' ही विनंती अर्ज सादर करण्यासारख्या कामांसाठी असते. येथे पुनरावृत्ती-निरपेक्षता ही संकल्पना महत्त्वाची ठरते. एखादी क्रिया एकदा केली काय आणि अनेकदा केली काय, अंतिम परिणाम तोच राहत असेल, तर ती क्रिया पुनरावृत्ती-निरपेक्ष होय. 'खात्यातील शिल्लक ५०० रुपये करा' ही आज्ञा तीनदा दिली तरी शिल्लक ५०० रुपयेच राहते. 'खात्यात ५०० रुपये मिळवा' ही आज्ञा तीनदा दिली तर १,५०० रुपये जमा होतात. गेट, पुट व डिलीट या विनंत्या नियमानुसार पुनरावृत्ती-निरपेक्ष आहेत. पोस्ट तशी नाही. म्हणूनच पोस्ट विनंतीने आलेले पान रिफ्रेश करू गेल्यास ब्राउझर 'माहिती पुन्हा पाठवायची काय?' असे विचारतो. ब्राउझरला यातील धोका ठाऊक असतो, मात्र त्याचे उत्तर देण्यासाठी लागणारी माहिती वापरकर्त्याकडे नसते.

नोंदी बदलणारी कामे गेट विनंतीवर सोपविल्यास काय होते, याचा प्रत्यय मे २००५ मध्ये आला. गूगलने त्या वेळी वेब अ‍ॅक्सिलरेटर हे साधन उपलब्ध केले. पानावरील दुवे वापरकर्त्याने दाबण्यापूर्वीच ते आणून ठेवून वेग वाढविणे हा त्याचा उद्देश होता. ज्या संकेतस्थळांवर 'काढून टाका' ही क्रिया साध्या दुव्याच्या रूपात होती, तेथे या साधनाने ते दुवेही उघडले आणि वापरकर्त्यांच्या नोंदी नष्ट झाल्या. नियमावलीतील भेद कागदापुरता नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

४. दुबार विनंती निर्माण होण्याचे मार्ग

अ) दुहेरी टिचकी : संगणकावर चिन्हे उघडण्यासाठी दोनदा टिचकी मारण्याची सवय असलेली व्यक्ती सबमिट बटणही दोनदा दाबते. दोन विनंत्या काही मिलिसेकंदांच्या अंतराने सर्व्हरकडे जातात.

आ) रिफ्रेश : अर्ज सादर झाल्यानंतर आलेले पान थेट पोस्टचे उत्तर असेल, तर ते रिफ्रेश करताच संपूर्ण अर्ज पुन्हा पाठविला जातो.

इ) बॅक व पुन्हा सबमिट : वापरकर्ता मागे जातो, भरलेला अर्ज तसाच दिसतो, एखादा विषय बदलून तो पुन्हा सादर करतो. त्याच्या मनात ही दुरुस्ती असते. प्रणालीच्या दृष्टीने तो दुसरा अर्ज असतो.

ई) हरवलेले उत्तर : विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचते, नोंद होते, परंतु 'नोंद झाली' हे उत्तर परत येताना नेटवर्क तुटते. वापरकर्त्याला केवळ त्रुटीचा संदेश दिसतो. विनंतीच हरवली की उत्तर हरवले, हे ब्राउझरच्या बाजूने ओळखता येत नाही.

उ) दोन टॅब : एकच अर्ज दोन टॅबमध्ये किंवा मोबाइल व संगणक अशा दोन साधनांवर उघडून दोन्हीकडून सादर केला जातो.

यांपैकी चौथा मार्ग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्या तीन मार्गांत वापरकर्त्याला सूचना देऊन काही प्रमाणात परिणाम साधता येईल; परंतु हरवलेल्या उत्तराच्या बाबतीत पुन्हा प्रयत्न करणे हीच वापरकर्त्याची योग्य व समंजस कृती असते. ती चूक ठरविणारी प्रणालीच सदोष मानावी लागते.

५. बॅक बटण : इतिहास आणि कॅश

बॅक बटण दाबल्यावर ब्राउझरने काय दाखवावे, याबाबत आरएफसी २६१६ मध्ये स्पष्ट भूमिका होती. इतिहास-यादी आणि कॅश या दोन भिन्न गोष्टी असून, इतिहासाने वापरकर्त्याने त्या वेळी जे पाहिले तेच दाखवावे, सद्यःस्थिती दाखविणे हे त्याचे काम नव्हे, असा तिचा आशय होता. म्हणजेच मागील पानावर दिसणारा अर्ज हे एक जुने छायाचित्र असते. अर्ज नोंदला गेल्यानंतरही त्या छायाचित्रात तो कोराच किंवा न सादर केलेलाच दिसतो.

नोव्हेंबर २००५ मधील फायरफॉक्स १.५ या आवृत्तीत संपूर्ण पान त्याच्या जावास्क्रिप्टच्या स्थितीसह स्मृतीत गोठवून ठेवण्याची सोय आली. क्रोम ब्राउझरमध्ये अशी सोय २०२० मध्ये मोबाइलवर व २०२१ मध्ये संगणकावर आली. यामुळे मागे जाणे अतिशय जलद झाले, परंतु परतलेल्या पानावरील जावास्क्रिप्ट नव्याने सुरू होत नसल्याने पान उघडताना करावयाच्या तपासण्या होत नाहीत. 'पेजशो' या घटनेद्वारे पान गोठलेल्या स्थितीतून परतले आहे काय हे ओळखता येते व त्यानुसार सर्व्हरकडून ताजी स्थिती मागविता येते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सामायिक संगणकावर याच प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. एक विद्यार्थी लॉगआउट करून उठतो, दुसरा त्याच आसनावर बसून बॅक बटण दाबतो आणि पहिल्याचे गुणपत्रक किंवा बँकेचा तपशील त्याला दिसतो. अशा पानांसोबत सर्व्हरने 'नो-स्टोअर' हा कॅशविषयक आदेश पाठविणे आवश्यक आहे. केवळ 'नो-कॅश' पुरेसा नाही, कारण त्याचा अर्थ साठवू नका असा नसून वापरण्यापूर्वी सर्व्हरकडे खात्री करा असा आहे. त्याच्या जोडीला पान परतल्यावर सेशन जिवंत आहे काय, ही तपासणीही असावी.

बॅक बटणच बंद करावे, हा विचार २००० च्या दशकात लोकप्रिय होता. साधनपट्टी नसलेली स्वतंत्र खिडकी उघडणे, किंवा मागे येताच जावास्क्रिप्टने पुन्हा पुढे ढकलणे अशा युक्त्या त्यासाठी योजल्या जात. कळफलकावरून मागे जाता येत असल्याने खिडकी लपविण्याचा उपयोग होत नसे आणि जावास्क्रिप्ट बंद असल्यास दुसरी युक्ती निष्फळ ठरे. आजच्या मोबाइलवर तर मागे जाण्याची सोय कार्यप्रणालीचाच भाग आहे. शिवाय बॅक बटण हे वापरकर्त्याच्या ब्राउझरचे आहे, संकेतस्थळाचे नव्हे. ते हिरावून घेतले तरी रिफ्रेश, दोन टॅब व तुटलेले नेटवर्क हे मार्ग उघडेच राहतात.

६. उपाययोजना

६.१ सबमिट बटण निष्क्रिय करणे

अर्ज पाठविताच जावास्क्रिप्टने बटण निष्क्रिय करून 'अर्ज पाठविला जात आहे' असा संदेश दाखविणे हा सर्वांत सोपा उपाय होय. दुहेरी टिचकीचा बराचसा त्रास त्यामुळे कमी होतो आणि वापरकर्त्यालाही काम सुरू असल्याचा दिलासा मिळतो. मात्र हा शिष्टाचार आहे, संरक्षण नव्हे. गोठलेल्या स्थितीतून परतलेल्या पानावर बटण निष्क्रियच राहते आणि विनंती अपयशी ठरली तर वापरकर्त्याला खरोखरच पुन्हा प्रयत्न करता येत नाही. म्हणून ठरावीक वेळेनंतर किंवा त्रुटी आल्यावर बटण पुन्हा सक्रिय करण्याची व्यवस्था हवी.

६.२ पोस्ट-रीडायरेक्ट-गेट पद्धती

या पद्धतीत पोस्ट विनंतीला सर्व्हर थेट पान देत नाही. तो आधी नोंद करतो, नंतर 'पावती पाहण्यासाठी अमुक पत्त्यावर जा' असा आदेश देतो आणि ब्राउझर गेट विनंतीने पावतीचे पान आणतो. आता रिफ्रेश केल्यास केवळ पावतीच पुन्हा येते. मायकेल जुरावलेव्ह यांच्या २००४ मधील लेखाने ही पद्धत जावा वापरणाऱ्या आज्ञावलीकारांमध्ये विशेष प्रसिद्ध झाली.

येथे उत्तराच्या संकेतांकाची निवड महत्त्वाची आहे. ३०२ या संकेतांकावर पोस्टच पुन्हा करावी की गेट, याबाबत नियम व प्रत्यक्ष ब्राउझर यांच्यात विसंगती होती. बहुतेक ब्राउझर गेटच करीत. हा गोंधळ दूर करण्यासाठी १.१ आवृत्तीत दोन संकेतांक आले. ३०३ चा अर्थ 'उत्तर अन्यत्र आहे, ते गेटने पाहा' असा आहे, तर ३०७ मध्ये मूळ विनंतीचा प्रकार कायम ठेवला जातो. अर्ज नोंदल्यानंतर ३०३ वापरणेच इष्ट होय. चुकून ३०७ वापरल्यास अर्ज नव्या पत्त्यावर पुन्हा पोस्ट केला जातो, म्हणजे टाळावयाची गोष्टच घडते.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ती रिफ्रेशचा प्रश्न सोडविते. दुहेरी टिचकी, मागे जाऊन पुन्हा सबमिट करणे व हरवलेले उत्तर या मार्गांवर तिचा परिणाम होत नाही.

६.३ एकवार वापराचे टोकन

खिडकीवर रांगेतील प्रत्येकाला क्रमांकाचे बिल्ले देण्याची पद्धत असते. एका बिल्ल्यावर एकच काम होते. टोकनची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. कोरा अर्ज पाठविताना सर्व्हर एक यादृच्छिक, अंदाज न बांधता येणारे टोकन तयार करतो, ते आपल्याकडे नोंदवितो आणि अर्जात अदृश्य रकान्यात ठेवतो. अर्ज परत आला की ते टोकन न वापरलेले आहे काय हे पाहून त्यावर 'वापरले' अशी खूण करतो व नंतरच नोंद करतो. तेच टोकन दुसऱ्यांदा आले, तर ती पुनरावृत्ती आहे हे निश्चित होते. जावामधील स्ट्रट्स या चौकटीत ही सोय पूर्वीपासून उपलब्ध होती.

अंमलबजावणीत तीन बाबी सांभाळाव्या लागतात. पहिली, टोकन तपासणे आणि त्यावर खूण करणे या दोन क्रिया अविभाज्य असाव्यात. अन्यथा जवळजवळ एकाच वेळी आलेल्या दोन विनंत्यांना ते टोकन न वापरलेलेच दिसेल. दुसरी, टोकनवरील खूण व अर्जाची नोंद एकाच डेटाबेस-व्यवहारात व्हावी. नाही तर टोकन खर्ची पडले पण अर्ज नोंदला गेला नाही, अशी अवस्था येईल. तिसरी व सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे पुनरावृत्ती ओळखल्यावर द्यावयाचे उत्तर. अनेक प्रणाली येथे 'अवैध विनंती' असा कठोर संदेश दाखवितात. ज्याची पहिली विनंती यशस्वी झाली आहे, त्याला हा संदेश अपयशाचा वाटतो आणि तो नवा अर्ज उघडून पुन्हा प्रयत्न करतो. त्याऐवजी टोकनसोबत मूळ अर्जाचा क्रमांक जतन करून वापरकर्त्याला त्याची पहिलीच पावती पुन्हा दाखवावी. जुना लिपिक हेच करीत असे.

सुरक्षिततेसाठी, म्हणजे परक्या संकेतस्थळावरून बनावट विनंती येऊ नये म्हणून, वापरले जाणारे टोकन आणि हे टोकन यांत गल्लत होऊ नये. सुरक्षा टोकन अनेकदा संपूर्ण सेशनसाठी एकच असते. त्यामुळे दुबार नोंद रोखली जात नाही.

६.४ डेटाबेसमधील अनन्यतेचा निर्बंध

दोन टॅबमध्ये उघडलेल्या अर्जांना दोन भिन्न टोकने मिळतात आणि दोन्ही वैध ठरतात. येथे व्यवहाराचा स्वतःचा नियम उपयोगी पडतो. एका विद्यार्थ्याचा एका परीक्षेसाठी एकच अर्ज असू शकतो. म्हणून विद्यार्थी क्रमांक, परीक्षा आणि वर्ष या तिहींच्या जोडीवर अनन्यतेचा निर्बंध डेटाबेसमध्येच घालावा.

आधी नोंद आहे काय ते शोधावे आणि नसल्यास घालावी, अशी आज्ञावली लिहिणे पुरेसे वाटते, पण ते फसवे आहे. पहिली विनंती शोधते, नोंद नसते. त्याच क्षणी दुसरी विनंती शोधते, अजूनही नोंद नसते. मग पहिली नोंद घालते आणि दुसरीही घालते. एकट्याने केलेल्या चाचणीत ही त्रुटी क्वचितच दिसते. अंतिम मुदतीच्या दिवशी सर्व्हरवर ताण येऊन उत्तरे मंदावतात, तेव्हा ती उघड होते. निर्बंध डेटाबेसमध्ये असेल तर दुसरी नोंद हमखास नाकारली जाते आणि आज्ञावलीने त्या नकाराचे रूपांतर 'आपला अर्ज आधीच प्राप्त झाला आहे' अशा संदेशात करावयाचे असते.

अर्थात सर्वच व्यवहारांना असा नैसर्गिक नियम नसतो. एकाच ग्राहकाने एकाच दिवशी तेच पुस्तक दोनदा मागविणे शक्य आहे. तेथे टोकनला पर्याय नाही. म्हणून ही दोन साधने परस्परपूरक मानावीत.

६.५ शुल्कभरणा : दोन प्रणालींमधील व्यवहार

शुल्क भरताना महाविद्यालयाची प्रणाली आणि भरणा स्वीकारणारी बाह्य सेवा अशा दोन स्वतंत्र प्रणाली गुंतलेल्या असतात. बँकेत रक्कम वजा झाली, परंतु ब्राउझर महाविद्यालयाच्या पानावर परतण्यापूर्वीच नेटवर्क तुटले, तर अर्जासमोर 'शुल्क बाकी' असेच दिसत राहते. विद्यार्थी पुन्हा भरणा करतो आणि १,२०० ऐवजी २,४०० रुपये जातात.

यावरील उपाय पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) भरणा सुरू होण्यापूर्वीच आपल्या डेटाबेसमध्ये मागणी क्रमांक तयार करावा आणि त्याची स्थिती 'प्रलंबित' अशी नोंदवावी.
२) ब्राउझर परत आला म्हणजे भरणा झाला आणि न आल्यास झाला नाही, असे मानू नये. बाह्य सेवेने थेट सर्व्हरला पाठविलेला संदेश किंवा आपण होऊन केलेली स्थिती-विचारणा यांनाच प्रमाण मानावे.
३) मागणी प्रलंबित असताना विद्यार्थी परतल्यास त्याच्यापुढे लगेच नवा भरणा ठेवू नये. आधी जुन्या मागणीची स्थिती विचारावी आणि मगच पुढील पर्याय द्यावा.
४) बाह्य सेवेकडून येणारा संदेशही दोनदा येऊ शकतो. म्हणून तो स्वीकारणारी आज्ञावलीदेखील पुनरावृत्ती-निरपेक्ष असावी. अनेक भरणा-सेवा याच हेतूने प्रत्येक मागणीसोबत एक ओळख-किल्ली स्वीकारतात आणि तीच किल्ली पुन्हा आल्यास नवा व्यवहार न करता पहिलेच उत्तर परत देतात.
५) दररोज दोन्हीकडील नोंदींचा ताळमेळ घालावा.

भारतीय रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाद्वारे अयशस्वी व्यवहारांच्या निवारणाची मुदत व भरपाई निश्चित केली. खात्यातून रक्कम वजा झाली, परंतु विक्रेत्याच्या प्रणालीला पुष्टी मिळाली नाही, अशा कार्डाच्या ई-व्यवहारांत व यूपीआयच्या व्यापारी भरण्यांत व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम परत जमा होणे अपेक्षित असून, त्यापुढील विलंबासाठी प्रतिदिन १०० रुपये भरपाईची तरतूद त्यात करण्यात आली. मात्र ही व्यवस्था अयशस्वी व्यवहारांसाठी आहे. दुबार भरण्यात बँकेच्या दृष्टीने दोन्ही व्यवहार यशस्वी असू शकतात. अशा वेळी दुसरी रक्कम ओळखणे व परत करणे हे काम शुल्क घेणाऱ्या संस्थेवरच येते. ताळमेळाची पद्धत नसेल, तर विद्यार्थ्याला बँकेचा उतारा घेऊन कार्यालयात खेटे घालावे लागतात.

७. अजॅक्स आणि एकपानी प्रणाली

फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी अजॅक्स ही संज्ञा रूढ केली. पान न बदलता पार्श्वभूमीवर विनंत्या पाठविण्याच्या या तंत्राने पोस्टचे पान रिफ्रेश होण्याचा प्रश्न कमी झाला, परंतु बॅक बटणाचा प्रश्न उलट वाढला. वापरकर्ता अर्जाच्या चौथ्या टप्प्यावर असतो, मागे जाण्यासाठी बॅक दाबतो आणि संपूर्ण अर्जातूनच बाहेर फेकला जातो. कारण ब्राउझरच्या इतिहासात त्या चार टप्प्यांची नोंदच नसते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये यासाठी 'पुशस्टेट' व 'रिप्लेसस्टेट' या सुविधा अंतर्भूत आहेत. प्रत्येक टप्प्याला पुशस्टेटने इतिहासात स्थान द्यावे, 'पॉपस्टेट' या घटनेवर मागील टप्पा दाखवावा आणि अर्ज सादर झाल्यावर रिप्लेसस्टेट वापरून अर्जाच्या अंतिम टप्प्याच्या जागी पावतीचे पान ठेवावे, अशी रचना उपयुक्त ठरते. तथापि, अजॅक्सची विनंतीही नेटवर्कवरूनच जाते आणि तिचेही उत्तर हरवू शकते. त्यामुळे टोकन व अनन्यतेचा निर्बंध यांची गरज येथेही कायम राहते.

८. चाचणी

वरील उपाय केल्यानंतर पुढील पाच चाचण्या प्रत्येक महत्त्वाच्या अर्जावर कराव्यात : सबमिट बटण वेगाने दोनदा दाबणे, पावतीचे पान रिफ्रेश करणे, बॅक बटणाने मागे येऊन तोच अर्ज पुन्हा सादर करणे, सबमिट करताच नेटवर्क तोडणे व नंतर पुन्हा प्रयत्न करणे, आणि दोन टॅबमधून एकाच वेळी अर्ज सादर करणे. प्रत्येक चाचणीनंतर डेटाबेसमध्ये एकच नोंद आणि वापरकर्त्यासमोर एकच पावती असेल, तरच प्रणाली उत्तीर्ण मानावी. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. नोंद एकच राहिली, पण वापरकर्त्याला त्रुटीचा संदेश दिसला, तर त्याचा संभ्रम कायमच राहतो.

९. निष्कर्ष

१) दुबार विनंती हा वेब माध्यमाच्या रचनेचा स्वाभाविक परिणाम आहे. ती पूर्णपणे टाळता येत नाही. तिचा परिणाम मात्र निष्प्रभ करता येतो.
२) कोणताही एक उपाय सर्व मार्गांना पुरा पडत नाही. रीडायरेक्टने रिफ्रेशचा, टोकनने दुहेरी टिचकी व हरवलेल्या उत्तराचा, तर अनन्यतेच्या निर्बंधाने दोन टॅबचा प्रश्न सुटतो.
३) ब्राउझरच्या बाजूचे उपाय सोयीसाठी असावेत, अंतिम निर्णय सर्व्हर व डेटाबेस यांच्याकडेच असावा.
४) शुल्कभरण्याच्या बाबतीत 'प्रलंबित' ही स्थिती मान्य करणे, तिची विचारणा करणे आणि नियमित ताळमेळ घालणे अनिवार्य आहे.

१०. शिफारशी

महाविद्यालये व विद्यापीठे आपल्या वेब प्रणाली बहुधा बाहेरील संस्थांकडून तयार करून घेतात. त्या वेळच्या निविदेत व करारात पानांची रंगसंगती, अहवालांची संख्या यांचा तपशील असतो. वरील पाच चाचण्यांचाही समावेश त्यात स्वीकृतीची अट म्हणून करावा. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अर्ज तयार करण्याचे प्रात्यक्षिक देताना 'नोंद झाली' एवढ्यावर न थांबता 'तीच विनंती पुन्हा आली तर काय होईल' हा प्रश्नही प्रात्यक्षिकाचा भाग व्हावा.

'बॅक किंवा रिफ्रेश बटण दाबू नये' ही सूचना पानावर ठेवण्याची गरज जेव्हा उरणार नाही, तेव्हा ती प्रणाली पूर्ण झाली असे म्हणता येईल. तोपर्यंत त्या सूचनेमागे उरलेले काम विद्यार्थ्याच्या माथी मारण्याऐवजी ते पूर्ण करणे हे प्रणाली उभारणाऱ्यांचे व ती स्वीकारणाऱ्या संस्थांचे कर्तव्य ठरते.